पहिलं मशीन न्हावा शेवाला येतंय? सीएचएकडून काम कसं करून घ्यायचं, ऑर्डरपासून बँकेच्या एंट्रीपर्यंत

भोसरीत, अंबडला नाहीतर शिरोली एमआयडीसीत छोटं वर्कशॉप असलेला माणूस पहिल्यांदा तैवानवरून सीएनसी मशीन मागवतो तेव्हा त्याचं सगळं लक्ष मशीनच्या किमतीवर आणि बँकेच्या लोनवर असतं, आणि कस्टमचं काय केलंत विचारलं की उत्तर ठरलेलं, "ते सीएचए बघेल". सीएचए, म्हणजे तुमच्या वतीने कस्टमचं काम करणारा एजंट, बघतो हो, पण तो जे काही भरतो ते तुमच्या नावाने भरतो. कस्टम्स अ‍ॅक्ट १९६२ च्या कलम १४७ प्रमाणे एजंटने केलेली गोष्ट, उलट सिद्ध होत नाही तोवर, मालकाच्या माहितीने आणि संमतीनेच केली असं धरलं जातं. म्हणजे चुकीचा एचएस कोड (मालाचा वर्गीकरण नंबर, ज्यावरून ड्युटीचा दर ठरतो) त्याने टाकला तरी नोटीस तुमच्या पत्त्यावर येणार. म्हणून हे सगळं लिहितोय, की काम त्यालाच द्या पण काय चाललंय ते तुम्हाला कळलं पाहिजे.

मी इथे समुद्रमार्गे येणारं मशीन, न्हावा शेवा पोर्ट आणि एक कंटेनर असं उदाहरण धरलंय. विमानाने सहारला माल येत असेल तर क्रम साधारण तोच, फक्त सगळं फार लवकर होतं.

सीएचए नक्की कोण आणि कोण नाही

आधी याला कस्टम हाऊस एजंट म्हणायचे, २०१३ पासून कायद्यात कस्टम्स ब्रोकर झालं, तोंडात मात्र सगळ्यांच्या अजून सीएचएच आहे. लायसन्स कलम १४६ खाली मिळतं, सध्या त्याला २०१८ ची कस्टम्स ब्रोकर्स लायसन्सिंग रेग्युलेशन्स लागू आहेत. लायसन्ससाठी लेखी आणि तोंडी परीक्षा असते, ती नासिन ही सरकारी संस्था घेते, आणि ती काही सोपी नाही. ऑफिसमधल्या लोकांकडे कार्डं असतात: मुख्य परीक्षा पास झालेल्याकडे एफ कार्ड, खालची परीक्षा पास केलेल्या कर्मचाऱ्याकडे जी कार्ड आणि परीक्षा न दिलेल्याकडे एच कार्ड. तुमची फाइल कस्टममध्ये प्रत्यक्ष कोण फिरवतंय हे विचारताना ही कार्डं कामाला येतात.

फ्रेट फॉरवर्डर वेगळा, तो जहाजावर जागा घेऊन देतो. शिपिंग लाइन वेगळी, सीएफएस, म्हणजे कंटेनर ठेवायचं आणि उघडायचं यार्ड, वेगळं, ट्रान्सपोर्टर वेगळा. बरेच सीएचए यातली दोन-तीन कामं एकत्र करतात, त्यात गैर काही नाही, पण बिल बघताना कुठला पैसा कोणाचा हे सुटं करता आलं पाहिजे.

आणि हो, ब्रोकर घेणं कायद्याने सक्तीचं नाही. इम्पोर्टर स्वतः आईसगेटवर (कस्टमचं ऑनलाइन पोर्टल) रजिस्टर होऊन बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचं कस्टमला द्यायचं डिक्लेरेशन, भरू शकतो. पण पहिल्या शिपमेंटला तो प्रयोग करू नका, माल पोर्टवर असताना शिकणं फार महाग पडतं.

ऑर्डर देण्याआधीच सीएचएला फोन करा

माल जहाजावर चढल्यावर सीएचए शोधायला निघणारे खूप आहेत, आणि तोपर्यंत पैसे वाचवण्याच्या निम्म्या जागा गेलेल्या असतात. प्रोफॉर्मा इनव्हॉइस हातात आली की तीच त्याला पाठवा.

पहिलं, आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड. डीजीएफटी या केंद्राच्या विदेश व्यापार खात्याच्या साइटवर मिळतो, फी ५०० रुपये, नंबर म्हणजे तुमचा पॅनच. दरवर्षी एप्रिल ते जून मध्ये तो अपडेट करावा लागतो, काही बदललं नसेल तरी, नाहीतर बंद पडतो आणि ते कळतं नेमकं बिल ऑफ एंट्री भरताना. बँकेचा एडी कोडही (परदेशी पेमेंट करणाऱ्या शाखेचा नंबर) आधीच मागून ठेवा.

दुसरं, एचएस कोड. पहिले सहा आकडे जगभर सारखे, पुढचे दोन आपले. सप्लायरच्या इनव्हॉइसवरचा कोड त्याच्या देशाचा असतो, तो जसाच्या तसा उचलू नका. मशीनिंग सेंटर ८४५७ मध्ये जातं, पण त्यासोबत जादा टूल होल्डर मागवले तर ते ८४६६ आणि ड्रिल-एंडमिलसारखी टूल्स ८२०७, दर वेगळे असू शकतात. "मशीन विथ स्टँडर्ड अ‍ॅक्सेसरीज" अशी एका ओळीची इनव्हॉइस असली की असेसमेंटला, म्हणजे कस्टम अधिकारी बिल तपासतो तेव्हा, क्वेरी आलीच म्हणून समजा. सप्लायरला आत्ताच सांगा, की जे मशीनसोबत येतंच ते वेगळं दाखव आणि जे मी जादा घेतलंय ते किमतीसह वेगळं दाखव. कोडबद्दल खरोखर वाद असेल आणि माल वारंवार येणार असेल तर मुंबईच्या कस्टम्स अ‍ॅडव्हान्स रुलिंग ऑथॉरिटीकडे अर्ज करता येतो, फी १०,००० रुपये, कायद्याने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. एका मशीनसाठी कोणी एवढं करत नाही, पण दर महिन्याला तोच पार्ट आणणाऱ्याने जरूर करावं.

तिसरं, परवानग्या. बीआयएस, वायरलेस असेल तर डब्ल्यूपीसी, खाण्याचं असेल तर एफएसएसएआय, झाडं-बियाणं असेल तर प्लांट क्वारंटाइन. मशिनरीसाठी भारी उद्योग मंत्रालयाने २०२४ मध्ये ऑम्निबस टेक्निकल रेग्युलेशन ऑर्डर काढली आणि तिची तारीख नंतर पुढे गेली, त्यामुळे तुमच्या मशीनला ती लागू होते का आणि कधीपासून हे सीएचएकडून लेखी मेलवर घ्या. जुनं मशीन आणत असाल तर चार्टर्ड इंजिनिअरचं सर्टिफिकेट लागतं, त्याचं नियोजनही आत्ताच.

चौथं, लाकडी पेटी. मशीन लाकडी क्रेटमध्ये येतं आणि त्या लाकडावर आयपीपीसीचा शिक्का पाहिजे, कणसाची खूण, देशाचा कोड आणि एचटी (उष्णता) किंवा एमबी (मिथाइल ब्रोमाइड) अशी ट्रीटमेंट. सप्लायरकडून लोड करण्याआधी त्या शिक्क्याचा फोटो मागवा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि ते नसलं तर क्वारंटाइनच्या फेऱ्यांत कंटेनर अडकतो.

पाचवं, फ्री डेज. हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय. कंटेनर रिकामा परत करेपर्यंत शिपिंग लाइन ठरावीक दिवस फुकट देते, मग डिटेन्शन, म्हणजे कंटेनर अडवून ठेवल्याचा आकार, चालू, डॉलरमध्ये, आणि रविवार-सुट्ट्या धरून. हे दिवस वाढवून घ्यायचे ते बुकिंगच्या वेळी. माल आल्यावर लाइनला विनंती केली तर मिळाले तर मिळाले. सीआयएफवर, म्हणजे भाडं आणि विमा धरून ठरलेल्या किमतीत, घेत असाल तर लाइन सप्लायर ठरवतो, मग त्यालाच सांगा की १४ दिवस घे आणि बीएलवर (बिल ऑफ लेडिंग, शिपिंग लाइनची मालाची पावती) लिहून आण. एलसीएल म्हणजे वाटणीतल्या कंटेनरमध्ये माल येत असेल तर इथले लोकल चार्जेस किती ते आधी लेखी मागा. तिकडचं भाडं जवळजवळ फुकट दाखवून इकडे डिलिव्हरी ऑर्डरच्या (माल ताब्यात द्यायची लाइनची चिठ्ठी) वेळी सगळं वसूल करण्याची पद्धत सर्रास आहे.

ब्रोकर निवडताना

लायसन्स नंबर विचारा आणि खात्री करा. दुसऱ्याच्या लायसन्सवर काम करणारे लोक असतात, तुमच्याशी बोलणारा एक आणि बिल ऑफ एंट्रीवर नाव भलत्याचंच, असं दिसलं तर तिथून उठा, कारण काही बिनसलं तर जबाबदार कोण हेच ठरत नाही. तुमच्यासारखा माल त्याने आधी सोडवलाय का ते विचारा. द्राक्षं आणि कांदा एक्सपोर्ट करण्यात हुशार असलेला माणूस मशिनरीच्या क्लासिफिकेशनमध्ये तेवढाच हुशार असेल असं नाही. एईओ, म्हणजे कस्टमने विश्वासू ठरवल्याचा, दर्जा असेल तर चांगलं, नसेल तरी चांगले ब्रोकर आहेत.

रेट लेखी घ्या: एजन्सी चार्ज कंटेनरमागे किती, एक्झामिनेशन निघाली तर किती, आणि "मिसलेनियस" म्हणजे नक्की काय. पावती नसलेला पैसा द्यायचा नाही हे पहिल्याच मीटिंगमध्ये स्पष्ट बोलून घ्या, नंतर बोलायला अवघड जातं.

आणि जो पहिल्याच भेटीत "ड्युटी किती बसवायचीय?" असं विचारतो, व्हॅल्यू कमी दाखवू, कोड फिरवू असं सुचवतो, त्याला काम देऊ नका. चुकीच्या डिक्लेरेशनवर माल जप्त होऊ शकतो, मुद्दाम लपवलं असं ठरलं तर पाच वर्षं मागे जाऊन ड्युटी मागता येते, वर व्याज आणि ड्युटीएवढा दंड. तोपर्यंत तो ब्रोकर तुमचा फोन उचलेल याची काही खात्री नाही.

काम ठरलं की तो तुमच्याकडून ऑथॉरिटी लेटर आणि केवायसी मागेल. कंटाळा करू नका, ब्रोकर्सच्या त्याच २०१८ च्या नियमांतल्या रेग्युलेशन १० प्रमाणे क्लायंटचा आयईसी, जीएसटीआयएन, ओळख आणि दिलेल्या पत्त्यावर खरंच धंदा चालतो का हे तपासणं त्याच्यावर बंधनकारक आहे. जो काहीच न विचारता फाइल घेतो त्याच्याबद्दल उलट शंका घ्या.

कागद

इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बीएल, इन्शुरन्स, कॅटलॉग, परचेस ऑर्डर आणि पैसे पाठवल्याची स्विफ्ट कॉपी. जपान, कोरिया किंवा आसियान देशातून आणताना कराराचा कमी दर हवा असेल तर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, आणि २०२० च्या कारोटार नियमांनुसार माल त्या देशात कसा बनला याची माहिती तुमच्याकडे असायला लागते, नुसता कागद पुरत नाही. तैवानशी आपला असा करार नाही, त्यामुळे आपल्या उदाहरणात हा भाग नाही.

बीएलचा ड्राफ्ट सप्लायर पाठवतो तेव्हा अक्षर न् अक्षर बघा. कंपनीचं नाव, पत्ता, जीएसटीआयएन, आयईसी, वजन, पॅकेजेस. जहाज निघायच्या आधी दुरुस्ती मेलवर होते, नंतर अमेंडमेंटची फी आणि वेळ दोन्ही. ओरिजिनल बीएल कुरिअरने येणार की टेलेक्स रिलीज (मूळ कागदाशिवाय माल सोडायचा लाइनचा निरोप), तेही तेव्हाच ठरवा.

इन्स्टॉलेशन आणि ट्रेनिंगसाठी सप्लायरचा इंजिनिअर येणार असेल तर ती रक्कम इनव्हॉइसमध्ये वेगळी दाखवायला लावा. माल आल्यानंतरच्या उभारणीचा खर्च वेगळा काढता आला तर तो कस्टमच्या व्हॅल्यूत धरत नाहीत, मशीनच्या किमतीत मिसळून टाकला तर त्यावरही ड्युटी बसते. सर्व्हिसवरच्या जीएसटीचं मात्र सीएला विचारा.

चेकलिस्ट, इथे बसून वाचा

बिल ऑफ एंट्री सबमिट करण्याआधी सीएचएच्या सॉफ्टवेअरमधून एक चेकलिस्ट निघते, ती तो पीडीएफ करून मेलवर पाठवतो आणि खाली लिहितो "प्लीज कन्फर्म". बहुतेक लोक मोबाइलवर बघून "ओके" पाठवतात. माझं म्हणणं एवढंच आहे की प्रिंट काढा, इनव्हॉइस शेजारी ठेवा, पेन घ्या आणि वीस मिनिटं द्या.

वर आयईसी, जीएसटीआयएन आणि पत्ता. दोन युनिट असतील तर माल ज्या युनिटला हवाय त्याचाच जीएसटीआयएन आहे ना, कारण क्रेडिट तिकडेच जाणार. एडी कोड ज्या बँकेतून पैसे पाठवले तिचाच पाहिजे, बिलाचा डेटा पुढे त्याच बँकेकडे जातो. मग बीएल नंबर, तारीख, कंटेनर नंबर, वजन. मग इनव्हॉइसची रक्कम, करन्सी आणि टर्म. इथे खरा घोळ होतो. एफओबीवर, म्हणजे भाडं आणि विमा न धरता, घेतलंय आणि फ्रेटचा आकडाच दिला नाही तर नियमाप्रमाणे एफओबीच्या २० टक्के फ्रेट धरतात, इन्शुरन्स नसेल तर १.१२५ टक्के. ३६ लाखांच्या मशीनवर २० टक्के म्हणजे ७ लाख २० हजार, एका कंटेनरचं तैवानचं खरं भाडं बऱ्याचदा याच्या आसपासही नसतं. म्हणून फॉरवर्डरचं फ्रेट इनव्हॉइस आणि पॉलिसी आधीच द्या आणि चेकलिस्टमध्ये तेच आकडे आलेत का बघा.

एक्स्चेंज रेट बँकेचा नसतो, कस्टम बोर्डाने ठरवलेला आणि बिल भरल्या दिवशी लागू असलेला असतो, त्यामुळे तुमच्या हिशोबापेक्षा थोडा फरक दिसणारच.

ड्युटीचा हिशोब हाताने करून बघा. व्हॅल्यू सीआयएफ ४०,००,००० धरू आणि बेसिक ड्युटी ७.५ टक्के धरू, म्हणजे ३,००,०००. त्यावर १० टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज ३०,०००. आता ४३,३०,००० वर १८ टक्के आयजीएसटी, ७,७९,४००. एकूण ११,०९,४००. क्रेडिट मिळत असेल तर आयजीएसटी परत मिळाल्यासारखाच आहे, खर्च म्हणून ३,३०,००० उरतात, पण भरायच्या दिवशी खात्यात ११ लाख तयार पाहिजेत आणि नेमकं हेच लोनच्या प्रपोजलमध्ये राहून जातं.

शेवटी नोटिफिकेशन नंबरचा रकाना. कुठली सवलत घेतलीय हे तिथे असतं. न समजलेला एकही नंबर सोडू नका, फोन करून विचारा की ही सवलत कशाची आणि आपण तिच्या अटीत कसे बसतो. चांगला सीएचए शांतपणे समजावून सांगतो.

भरल्यानंतर काय होतं

जहाज ज्या दिवशी येणार त्याच्या आदल्या दिवसाच्या अखेरीपर्यंत बिल भरलेलं पाहिजे, येण्याच्या ३० दिवस आधीपासून भरता येतं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये लेट फी. कागद ई-संचितवर अपलोड होतात, बिल सिस्टिममध्ये गेलं की रिस्क मॅनेजमेंट ठरवतं की ते थेट पुढे सोडायचं की अधिकाऱ्याने बघायचं की माल उघडायचा. बरीच बिलं थेट सुटतात. अडलं तर फेसलेस असेसमेंट, म्हणजे माल उरणजवळ न्हावा शेवाला आणि बिल तपासणारा अधिकारी दुसऱ्याच शहरात, २०२० पासून देशभर ही पद्धत आहे. समोर जाऊन समजावता येत नाही, म्हणून क्वेरीचं उत्तर लेखी, मुद्द्याला धरून आणि कॅटलॉगच्या पानासह जायला हवं. क्वेरी आली की तिचा मूळ मजकूर मागा, "काहीतरी टेक्निकल विचारलंय" एवढ्यावर समाधान मानू नका, मशीन तुम्हाला सीएचएपेक्षा जास्त कळतं आणि उत्तराचा मसुदा तुम्हीच दिलेला बरा. कोड किंवा व्हॅल्यू बदलली आणि तुम्हाला मान्य नसेल तर तसं लेखी कळवा, मग अधिकाऱ्याला १५ दिवसांत कारणं देऊन ऑर्डर काढावी लागते आणि त्यावर अपील करता येतं.

एक्झामिनेशन निघाली तर घाबरू नका. सीएफएसमध्ये कंटेनर बाजूला लावतात, बीएलवरचा सील नंबर जुळवतात, मग मोठ्या कटरने बोल्ट सील तोडतात आणि दार उघडतं. मशीनला अधिकारी बघतो ती नेमप्लेट: मॉडेल, सिरियल नंबर, बनवलेलं वर्ष. क्रेट अशी बांधली असेल की नेमप्लेट आतल्या बाजूला आणि वर प्लॅस्टिकची व्हॅक्यूम रॅपिंग, तर सगळं फाडावं लागतं आणि पावसाळ्यात समुद्राजवळच्या हवेत उघड्या गाइडवेजना गंज धरायला वेळ लागत नाही. सप्लायरला सांगून नेमप्लेटचा फोटो आणि सिरियल नंबर इनव्हॉइसवर घ्या, नेमप्लेटच्या जागी क्रेटला उघडता येणारी फळी ठेवायला लावा, आणि सीएचएच्या माणसासोबत पॅकिंगचं सामान पाठवा. जमलं तर तुमचा मेंटेनन्सवालाही पाठवा, त्याला पास लागतो, आदल्या दिवशी सांगा.

ड्युटी आईसगेटवरून स्वतः भरा. सीएचएच्या खात्यात पैसे टाकून त्याला भरायला सांगू नका, तो कितीही जवळचा असला तरी. सेल्फ असेसमेंटवर सुटलेल्या बिलाची ड्युटी त्याच दिवशी आणि अधिकाऱ्याने असेस करून परत दिलेल्या बिलाची एका कामाच्या दिवसात भरायची, पुढे वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज. भरणा झाला, तपासणी झाली की आउट ऑफ चार्ज मिळतो. सीएचएचा "ओओसी झालं" असा मेसेज आला म्हणजे कस्टमकडून माल सुटला, गेटबाहेर नाही. लाइनचे चार्जेस भरून डिलिव्हरी ऑर्डर, सीएफएसचं ग्राउंड रेंट आणि हँडलिंग, मग ट्रेलर. हे तिन्ही ओओसीची वाट न बघता समांतर चालू ठेवायला सांगा, नाहीतर शुक्रवारी संध्याकाळी ओओसी आणि डीओ सोमवारी असं होतं. आणि एक, ३० दिवसांत माल सोडवला नाही तर नोटीस देऊन तो विकण्याचा अधिकार पोर्टकडे जातो. पैशाची अडचण दिसत असेल तर वेअरहाउसिंगची बिल ऑफ एंट्री भरून माल ड्युटी न भरता बॉन्डेड गोदामात ठेवायचा पर्याय वेळेत विचारा.

एक्सपोर्टला हेच उलटं असतं आणि तुलनेने सोपं: शिपिंग बिल, मग लेट एक्स्पोर्ट ऑर्डर (माल बाहेर न्यायची कस्टमची परवानगी). फक्त ड्रॉबॅक आणि रोडटेप या कर परत मिळण्याच्या योजनांचे रकाने चेकलिस्टमध्ये नीट बघा, क्लेम टाकायचाच राहिला तर नंतर मिळवणं जिकिरीचं.

माल आल्यावर उरलेलं काम

सीएचएचं बिल दोन भागात मागा, त्याची एजन्सी जीएसटीसह एका बाजूला आणि तुमच्या वतीने भरलेले पैसे दुसऱ्या बाजूला, प्रत्येक पावतीसकट. लाइनची आणि सीएफएसची बिलं तुमच्या जीएसटीआयएनवर असतील तरच क्रेडिट मिळेल, म्हणून हे काम देतानाच सांगायचं.

जीएसटीआर-२बी मध्ये (तुमच्या जीएसटी क्रेडिटचं स्टेटमेंट) बिल ऑफ एंट्री दिसतेय का ते पुढच्या महिन्यात तपासा. दिसत नसेल तर आधी जीएसटीआयएन बरोबर गेला होता का बघा. बँकेत बिल ऑफ एंट्रीची प्रत देऊन आयडीपीएमएस, म्हणजे आयातीच्या पेमेंटचा हिशोब ठेवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या सिस्टिममध्ये, तुमचं पेमेंट सेटल झालं का ते विचारा आणि मेलवर उत्तर घ्या. एंट्री उघडी राहिली तर पुढच्या वेळी पैसे पाठवताना बँक अडवते. सगळी फाइल, म्हणजे चेकलिस्टवर तुम्ही केलेल्या खुणांसकट, क्वेरी-उत्तरांसकट आणि सीएचएच्या मेलसकट, पाच वर्षं ठेवा, कारण ऑडिटवाले येतात तेव्हा मशीन कुठे बसवलंय हेही बघतात आणि हा कोड का लावला हेही विचारतात.